पट्टीवरचा आकडा

खोटं वाटलं तर खुशाल हसा. मीही हसलो असतो. पण लॅपटॉप माझा होता, केबल माझी होती आणि चूकही माझीच होती.

याच एप्रिलची गोष्ट. करडीच्या पुढचा एक तलाव. दुपारचे दोन.

मी अश्विन. तलावाची पातळी मोजणारी यंत्रं बसवतो. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, लोखंडी डब्बा, आत यंत्र. लॅपटॉपची केबल जोडायची, पोर्ट निवडायचा, दोन्हीकडचा डेटाचा वेग सारखा ठेवायचा. मग चाचणी. पाठवायची आणि घ्यायची पिन तारेच्या तुकड्यानं एकमेकींना जोडायची. टाइप केलेलं जसंच्या तसं परत आलं, की जोडणी ठीक. मग तो तुकडा काढायचा.

गेल्या पावसाळ्यात मी तो काढायला विसरलो.

यंत्र स्वतःशीच बोलत राहिलं. ऑफिसला एकही आकडा गेला नाही. तलाव भरू लागला त्या दिवशी मीच तिथल्या चौकीदाराला, कवडूला, फोन लावला.

"पायऱ्या उतरून पाण्यातली मापाची पट्टी बघ."

"पाणी लय चढून राहिलं जी, साहेब."

"मग तुले ठेवलं कायले? बघ आन् सांग."

तो उतरला. फोनवर मीटरचे आकडे सांगू लागला. शून्य पंच्याऐंशी... एक दहा...

मग आवाज गेला.

कवडू तिसऱ्या दिवशी सापडला. तोवर मी तो तुकडा काढून खिशात घातला होता. रिपोर्टात लिहिलं : चौकीदारानं वायरिंगशी छेडछाड केली. एका ओळीत सुटलो. आणि बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

एप्रिलमध्ये तलाव कोरडा पडला होता. भेगाच भेगा. पाळीवर कवडूची बायको रुखमिणी माझी वाट बघत बसलेली.

"माह्या मालकानं डब्ब्याले हातबी नाही लावला, साहेब. तेवढी एक ओळ लिहून द्या न जी. पोरीले शाळेत बोलतेत, तुह्या बापानं मशीन मोडली म्हून."

"बघू," मी म्हणालो. बघणार नव्हतोच.

पिना जोडल्या. 'टेस्ट' टाइप केलं.

परत आलं... 0.85.

वेग चुकला की स्क्रीनवर कचरा येतो. हा कचरा नव्हता.

1.10.

तारेचा तुकडा काढला... 1.32.

केबलच उपटली... 1.45.

डब्ब्यातून ओल्या गाळाचा वास आला.

1.58.

आकडे थांबले. कवडूची उंची तेवढीच होती. शवविच्छेदनाच्या कागदावर मी वाचली होती.

"काय म्हणते जी मशीन?" रुखमिणीनं विचारलं.

"काही नाही. ठीक आहे."

ती पदर झटकून निघून गेली.

तेव्हापासून कुठलाही डब्बा उघडला की आकडे येतात. कोरड्या तलावावरही. आणि आता ते 1.58 वर थांबत नाहीत. जवाहरनगरकडे 1.63 पर्यंत गेले. मागच्या आठवड्यात साकोलीला... 1.71.

ती ओळ लिहिली तर कदाचित थांबतील. पण नोकरी जाईल.

उद्या पवनीला जायचं आहे. माझी उंची 1.74 आहे.

ओळ अजून लिहिलेली नाही.