रामाकोन्याचा साप

ठाण्यात फोन आला तो सासूचा. "माह्या पोराले सुनेनं जहर देल्लं. लवकर या. पळून नाही जाऊन राहिली ते, पण या."

ठाणेदार अलका पांढुर्ण्याच्या त्या घरी पोचल्या तेव्हा योगेश ओसरीवर झाकलेला होता आणि शेजाऱ्यांनी निकाल देऊन टाकला होता. योगेशचं यकृत पार निकामी झालेलं. उन्हाळ्यात नागपूरला बायकोच्या, प्रणालीच्या यकृताचा अर्धा भाग त्याला बसवला. तो बरा झाला. आदल्या दिवशी जामसांवलीच्या हनुमानाचा नवसही फेडला. आणि आज सकाळी प्रणालीनं दिलेला संत्र्याचा रस प्याला, छातीला हात लावला आणि गेला.

"उरलेला रस कोणी प्याला?"

सासू कलाबाई म्हणाल्या, "म्या."

"मग तुम्ही कशा वाचल्या?"

"म्या साखर टाकली होती."

साखरेवर उतरणारं जहर ठाणेदारांच्या ऐकिवात नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

दुपारनंतर सरकारी दवाखान्यातून शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर दिलीप यांचा फोन आला. "जहराची खूण नाही. फुप्फुसात रक्ताची गुठळी आहे, पायातून चढलेली. यकृत मात्र उत्तम चाललं होतं. गुठळी का झाली, तेच कळत नाही."

अलका आतल्या खोलीत गेल्या. प्रणाली भिंतीला टेकून बसली होती, डावा पाय लांब केलेला. पोटरी उजवीच्या दीडपट.

"पायाला काय झालं?"

"कालपासून सुजून राहिला, मॅडम. दुखते."

"ढोंग!" दारातून कलाबाई. "घराण्यालेच नाट आहे. मायले साप चावला, मावशीलेबी सापच चावला."

"कुठं? वावरात?"

"नाही, बाजेवर. दोघीबी ओल्या बाळंतिणी."

प्रणालीचे वडील भिवाजी रामाकोन्याहून आले होते. ते कोपऱ्यात फरशीकडे बघत बसले.

"दिवस कोणते होते, भिवाजी?"

"थंडीचे."

"रामाकोन्याचा साप मोठा शिस्तीचा दिसतो. वावरात राबणाऱ्या गड्यांना सोडतो आणि भर थंडीत बाळंतिणीची बाज हुडकतो. दात कुठं लागले होते?"

भिवाजी फरशीवर बोट फिरवत राहिले.

"दात नव्हतेच ना?"

"नुसता पाय सुजला होता, मॅडम. पोरीच्या पायासारखाच. मंग छाती धरली."

अलकांनी बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन केला. परत आल्या तेव्हा आवाजातली गंमत गेली होती.

"साप नव्हता, जहरही नव्हतं. हिच्या आईकडच्यांचं रक्त लवकर गोठतं. रक्त पातळ ठेवणारं एक द्रव्य यकृतात तयार होतं, ते ह्यांच्यात कमी पडत असणार. प्रणालीनं अर्धं यकृत दिलं, त्याबरोबर ती खोडही योगेशला गेली. तपासलं की पक्कं होईल. पण भिवाजी, नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं असेल ना, घरात कोणी अवचित गेलं का म्हणून?"

"इचारलं होतं." भिवाजी म्हणाले. "सोयरीक जुळवतानी म्या साप सांगतला होता. बिमारी सांगतली असती तं पोरीले कोणी केलं असतं? अन् दवाखान्यात बाजूले विहीणबाई बसल्या होत्या. मंग तिथंबी सापच सांगतला."

कलाबाई ओट्यावरच्या रसाच्या पेल्याकडे बघत राहिल्या. तो अजून कोणी विसळला नव्हता.

"रडायला मागाहून वेळ आहे," अलका म्हणाल्या. "तीच गुठळी हिच्या पायात आहे. जीप लावा, नागपूरला न्यायचं. आणि पाय कोणी चोळू नका, गुठळी वर चढेल."

प्रणालीला उचलून जीपमध्ये बसवलं. कलाबाई न विचारता तिच्या शेजारी चढल्या. सुजलेला पाय त्यांनी मांडीवर घेतला. हात चोळायला गेला, तिथंच थांबला.

पांढुर्णा मागं पडल्यावर प्रणाली म्हणाली, "आई, म्हंजे माह्याच तुकड्यानं नेलं न त्याईले?"

पुढे बसलेल्या अलकांनी मागं वळून पाहिलं नाही. उत्तर त्यांना माहीत होतं.

"काही नाही, पोरी," कलाबाई म्हणाल्या. "साप होता."