कडक कांजीची चड्डी

धपाक! सायकल एकीकडे, इसहाक दुसरीकडे, आणि दोघंही नाल्याच्या पाण्यात!

"नवी चड्डी भिजवलीस!" सुकलालभाऊ जीपमधून गरजले.

कोयनेच्या भूकंपात घरं गेलेल्यांसाठी गावोगाव गोधड्या गोळा करत नंदुरबारहून नवापूरपर्यंत सायकली न्यायच्या, ही कल्पना भाऊंची. नाताळच्या सुट्टीत मुलं हौसेनं निघाली होती. भाऊ मात्र जीपच्या गादीवर! त्यांनी सगळ्यांना खाकी चड्ड्या शिवून दिल्या होत्या आणि कांजी घालून अशा कडक करवल्या होत्या, की चड्डी जमिनीवर ठेवली तर एकटी उभी राहावी.

जेवणं होईतो इसहाकची चड्डी झुडपावर वाळली. मग पुन्हा पायडल!

विसरवाडी जवळ आली तेव्हा पोरं सीटवरून उठून उभ्यानंच पायडल मारत होती. शांतीलालच्या तर डोळ्यांत पाणी होतं.

"काय व्हयनं रे?" इसहाकनं विचारलं.

"मांड्या सोलाई गयात भो! माले बसता येत नही."

भाऊंनी ऐकलं. "विसरवाडीला याला एसटीत बसवा! असली नाजूक पोरं येतात कशाला? जरा सहन करायला शिका!"

शांतीलालनं मान खाली घातली. त्याच्या आईनं, जसोदाबाईनं, स्वतःच्या पांघरुणातली गोधडी दिली होती. नवापूरहून कोयनेला निघणाऱ्या ट्रकवर ती आपल्या हातानं चढवायची, एवढंच त्याच्या मनात होतं. इसहाकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जीपमध्ये बसून सहनशक्ती शिकवायला काय जातं!

रागातच त्याच्या एक विचित्र गोष्ट ध्यानात आली.

"रायसिंग, तुलेबी लागस?" त्यानं शेजारच्या सायकलवरच्या पोराला विचारलं.

"लागस ना! तुले नही?"

"सकायले लागे. नाल्यामा पडनू, तठपाईन नही!" खरंच, नाल्यात पडल्यापासून इसहाकला काही टोचतच नव्हतं.

तिघांनी आपापल्या चड्ड्या चाचपल्या. इसहाकची मऊ. शांतीलालची मात्र पत्र्यासारखी, आणि आतली जाड शिवण नेमकी मांडीवर घासणारी.

"कांजी!" तिघं एकदम ओरडले.

विसरवाडीच्या हॉटेलात भाऊ चहा घेऊन जरा लवंडले, तशी सगळी पोरं टॉवेल गुंडाळून विहिरीवर पळाली. चड्ड्या खळखळून धुतल्या, उन्हात वाळवल्या आणि शिवण बाहेर येईल अशा उलट्या चढवल्या. डोक्याचं खोबरेल शांतीलालनं मांड्यांना चोळलं.

"उलट्या चड्ड्या? स्वागताला लोक येणार आहेत, गाढवांनो!" भाऊ कडाडले. "शांतीलाल, एसटीत बस!"

तेवढ्यात रायसिंगनं हॉटेलच्या बाकावर उडी मारली. "ऐका हो! सुकलालभाऊ इथून नवापूरपर्यंत स्वतः सायकल चालवणार! वाजवा टाळ्या!"

ट्रकवाले, बाजारकरी, सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. फोटोसाठी शेवटी थोडी सायकल चालवायची म्हणून भाऊंनीही कडक चड्डीच घातली होती. आता नाही कसं म्हणणार?

"माझी सायकल घ्या, मी जीपमध्ये बसतो," इसहाक अदबीनं म्हणाला. "आणि शांतीलाल तुमच्या मागं पडला, तर खुशाल एसटीत बसवा!"

नवापूरला शांतीलाल शीळ घालत सगळ्यांत पुढे पोचला. भाऊ सगळ्यांत शेवटी आले, तेही सायकल हातात धरून, पाय फाकवत!

स्वागताला आलेल्या गुरुजींनी खुर्ची पुढे केली.

"नको, उभाच बरा," भाऊ कण्हले.

गुरुजींनी पोरांकडून सगळी हकिकत काढून घेतली आणि पोट धरून हसले. "शाबास रे पठ्ठ्यांनो! भाऊ, जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे!"

शांतीलालनं आईची गोधडी ट्रकवर चढवली. मागे वळतो तो भाऊ उभे.

"मघाशी तुला उगाच बोललो रे," ते हळूच म्हणाले. "ते... खोबरेल उरलंय का थोडं?"

शांतीलालनं बाटली पुढे केली. "ल्या ना भाऊ. पन पहिले चड्डी धोई टाका!"