काखेत टेकलेली बोटं

खुशालरावांनी शेकोटीत कपाशीची वाळकी पऱ्हाटी सारली. पुतण्या नितेश आणि नात आकांक्षा घोंगडीत जवळ सरकून बसली.

"खरी गोष्ट सांगा बरं, आबा," आकांक्षा म्हणाली.

"खरीच आहे. आपल्या देवरावच्या इंदूबाईवर गुजरली. दुसऱ्या दिवशी मी सोबत होतो, म्हणून सांगतो."

मागच्या वर्षीची पौष अमावस्या. बुधवार. इंदूबाई सकाळीच नांदगाव खंडेश्वरला लेकीकडे गेली होती. पिंकी बाळंत झालेली, तिला डिंकाचे लाडू पोचवायचे होते. नातवाला मांडीवर घेण्यात दिवस कधी कलला, ते कळलंच नाही. ऑटोनं फाट्यावर सोडलं तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. तिथून गाव दीड मैल. वाट पायाखालची, दोन्हीकडे हरभरा, आणि थंडी मी म्हणत होती.

इंदूबाईला अंधाराची भीती नव्हती. तिची भीती वेगळी होती. दिवाळीत अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ लागली होती. बोराएवढी, टणक. दुखत नव्हती. उपकेंद्रातल्या नर्सनं बजावलं, "अमरावतीला जा, सुईनं तपासतील." पण शेजारणी म्हणाल्या, सुई टोचली की बिमारी अंगभर पसरते. झालं. इंदूबाई गेलीच नाही. देवरावलाही बोलली नाही.

नाल्याच्या पुलाजवळ मागून पावलं वाजली. एक बाई होती. डोक्यावरून पदर, एक हात छातीशी घट्ट धरलेला.

"गावातच चालल्या का, बाई?" इंदूबाईनं विचारलं. सोबत मिळाली, बरं वाटलं तिला.

"हो."

दोघी चालत राहिल्या. मग ती बाई हळूच म्हणाली, "दुखत नाही ना?"

इंदूबाई थबकली. "काय?"

"मलेही नव्हतं दुखत. म्हणून कोणालेच सांगतलं नाही."

वारा नव्हता. तरी वास आला. चिघळलेल्या जखमेचा.

"तुमी... कोणाच्या घरच्या?"

ती बाई आणखी जवळ सरकली.

"बाई...?"

छातीशी धरलेला हात सुटला. इंदूबाईच्या शालीखाली शिरला. डाव्या काखेत चार बोटं टेकली. बर्फासारखी.

"इथंही आली..."

इंदूबाईनं ओरडायला तोंड उघडलं.

मग तो गारठा कोणी काढून घेतल्यासारखा नाहीसा झाला.

शेजारी कोणी नव्हतं.

घरी आली ती उंबऱ्यातच बसली. देवरावला सारं सांगितलं, गाठीसकट.

"मले कावून नाही सांगतलं, इंदू?" एवढंच म्हणाला, आणि रात्रीच खुशालरावांच्या दारी आला. पहाटे त्यांची गाडी अमरावतीला निघाली.

डॉक्टर नीलम तरुण होत्या. स्तन तपासून त्यांचा हात काखेत गेला आणि थांबला.

"इथंही गाठ आहे. तुम्ही कधी हात लावून पाहिला होता?"

"मी नाही," इंदूबाई म्हणाली.

सुईचं नाव काढताच ती रडायला लागली. डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला. "मावशी, सुईनं कॅन्सर पसरत नाही. कॅन्सर आहे का, असला तर कोणत्या जातीचा, ते कळतं, म्हणजे औषध नेमकं देता येतं. आणि दुखत नाही म्हणून गाठ साधी, असं कधीच समजायचं नाही."

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता. काखेपर्यंत पोचलेला, पण पुढे गेलेला नव्हता. आधी किमो. केस गेले, तोंडाची चव गेली, पाणीसुद्धा लोखंडासारखं लागायचं. देवराव तिच्यासाठी भाताची पेज करायला शिकला. मग ऑपरेशन झालं, स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. रेडिएशनचा शेक घ्यायला ती अकोल्याला बहिणीकडे राहिली.

"आता बरी आहे," खुशालराव म्हणाले. "गोळी चालू आहे, तपासणीले जाते. आन् कोण्या बाईनं गाठीचं नाव काढलं, की तिले हाताले धरून दवाखान्यात नेते."

"आन् ते बाई कोण होती?" नितेशनं विचारलं.

"देवरावनं लय विचारपूस केली. कोणालेच आठवत नाही."

शेकोटीत काटकी तडकली. आकांक्षा दचकली.

"त्या रातचं पोलकं इंदूबाईनं फेकलं नाही. डाव्या काखेत चार बोटं उमटली आहेत, काळ्या मातीच्या चिखलाची. कितीदा धुतलं. परवा दोरीवर उन्हात होतं, देवरावनं मले दाखवलं. मी बोट लावून पाहिलं..."

खुशालराव दोन्ही हात जाळाजवळ नेऊन शेकत राहिले.

"मग, आबा?"

"वर्ष झालं, पोरी... चिखल अजून ओला आहे."