चाळीस सेकंदांचे रफू

त्या काळात माणसे वस्तू जपून ठेवायचे विसरून गेली होती. जळालेला फोन असो, पाण्यात पडलेला संगणक असो की नातवाने पुसून टाकलेले लग्नाचे फोटो असोत, कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन दिले की दोन दिवसांत सगळे परत मिळे. हेमलता बनसोडे यांना मात्र तो आधीचा काळही चांगला आठवत होता. तेव्हा गेलेली फाइल म्हणजे गेलेलीच असे. माणसे दोन दिवस हळहळत आणि कामाला लागत.

आज त्या सोलापूरच्या आज्ञावली परीक्षण केंद्रात बसल्या होत्या. आज्ञावली म्हणजे ज्याला पूर्वी सॉफ्टवेअर म्हणत ते. खोलीला खिडकी नव्हती आणि भिंतींना आतून पत्रा ठोकलेला होता. टेबलावर त्यांच्या यजमानांच्या जुन्या संगणकातली हार्ड डिस्क ठेवली होती, वर्षानुवर्षांची धूळ पुसून स्वच्छ केलेली. पलीकडे डॉ. अन्वी खरात बसल्या होत्या, वय फार तर पस्तीस.

"पत्रा कशाला हो?" हेमलताबाईंनी विचारले.

"आज्ञावलीने गुपचूप बाहेर काही पाठवू नये म्हणून. आम्ही तीन गोष्टी तपासतो, ताई. ती चोरी करते का, मूळ डिस्कला इजा करते का आणि खोटं बोलते का. पहिल्या दोन तपासण्या झाल्या. आम्ही डिस्कची नक्कल काढून नकलेवरच काम केलं, मूळ डिस्कला धक्का नाही. राहिली तिसरी."

"तीच अवघड असणार. माणसांतही तीच अवघड असते."

अन्वी हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितले. जुन्या आज्ञावल्या डिस्कवर उरलेले तुकडे फक्त गोळा करीत. ही नवी, 'पूरणवाचक' नावाची, तुकड्यांमधली भोकेही भरून काढी. त्याच डिस्कवरचा बाकीचा मजकूर आणि आवाज वाचून त्या जागी काय असणार ते ती ठरवी.

"म्हणजे रफू," हेमलताबाई म्हणाल्या. "आमच्या बार्शीचा रफूगार साडीच्या आतल्या काठाचाच धागा काढायचा. बाहेरचा धागा लावला की डाग दिसतो म्हणायचा."

"अगदी तसंच. फक्त ती बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं, की जे अंदाजाने भरलं ते पडद्यावर पिवळं दिसेल आणि जे खरोखर सापडलं ते हिरवं. हे खरं ठरलं तर आज पाच वाजता मी सही करणार. त्यानंतर हिरवा भाग न्यायालयात पुरावा धरला जाईल."

याच एका वाक्यासाठी हेमलताबाई पहाटेची गाडी धरून आल्या होत्या.

अठरा वर्षांपूर्वी कुंभारडोह धरणाचा एक दरवाजा वेळेवर उघडला नाही. पाणी भिंतीवरून गेले आणि खालच्या वाडीतली अकरा माणसे वाहून गेली. धरणावरचे शाखा अभियंता दिगंबर बनसोडेही त्यातच गेले. चौकशीत ठरले, की दोष त्यांचा. वाडीच्या वेशीवर दगड बसवला, त्यावर अकरा नावे कोरली. बारावे कोरले नाही. हेमलताबाई त्या दिवशी बहिणीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. दिगंबररावांना कामाची रोजनिशी घरच्या संगणकावर बोलून ठेवायची सवय होती. त्या दुपारी पावणेचारला ते दहा मिनिटे घरी येऊन बोलून गेले होते. ती नोंद होती, पण नेमकी मधली चाळीस सेकंदे खराब झाली होती. नवऱ्यावरचा ठपका पुसावा म्हणून हेमलताबाई तेव्हापासून विभागाकडे अर्ज करीत होत्या, आणि येत्या गुरुवारी त्याची शेवटची सुनावणी होती.

"यजमानांनंतर हा संगणक दुसऱ्या कोणी वापरला होता का?" सकाळी फॉर्म भरताना अन्वींनी विचारले होते.

"दुसरं कोण वापरणार? घरातच होता." अन्वींनी 'नाही' लिहिले होते.

आता त्यांनी बटण दाबले.

आधी पावसाचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा. आणि मग तो आवाज, थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. हेमलताबाईंनी टेबलाची कड धरली. पडद्यावरची रेघ खराब भागाकडे सरकली आणि हिरवीच राहिली.

"...तिसरा दरवाजा अडकलाय. दुपारपासून वरिष्ठांना दोनदा कळवलं. लेखी हुकूम आल्याशिवाय हात लावू नका म्हणतात. माझा नाइलाज आहे..."

चाळीस सेकंदे संपली. एकही ठिपका पिवळा नव्हता.

"ताई, तुमच्या अर्जातही हेच आहे ना?" अन्वींनी विभागाकडून मागवलेला अर्ज पुढे ओढला. "तिसरा दरवाजा. दोनदा कळवलं. तुम्ही हे त्यांच्या मदतनिसाकडून ऐकून लिहिलंत, आणि इथे ते स्वतः बोलतात. दोन वेगळे साक्षीदार, एकच गोष्ट. याहून चांगली परीक्षा मला मिळणार नाही." त्यांनी पेन उघडले. "बाहेर कंपनीची माणसं सकाळपासून चहा पीत बसलीत. बोलावते त्यांना."

"जरा थांबा," हेमलताबाई म्हणाल्या. "पुन्हा लावा."

पुन्हा लागले. तिसरा दरवाजा अडकलाय.

धरणाला सात दरवाजे. कचेरी ते डाव्या तीरापासून मोजी. पण कर्मचाऱ्यांची वसाहत उजव्या तीरावर होती, आणि गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाया आपल्या बाजूने मोजत. कचेरीचा पाचवा तो वसाहतीचा तिसरा. हेमलताबाईंच्या पहिल्याच अर्जाला विभागाने उत्तर पाठवले होते, की आपण म्हणता तो दरवाजा आमच्या नोंदीत पाचवा आहे. त्यांनी हट्टाने पुढेही तिसराच लिहिले. दिगंबरराव मात्र जेवताना, झोपेत बरळतानासुद्धा 'पाच नंबर' म्हणत. "पाच नंबर कुरकुरतोय, हेमा." तिसरा म्हटले की ते चिडवायचे, "आल्या गच्चीवरच्या चीफ इंजिनिअर."

ते तिसरा म्हणालेच नसते.

हे जगात आता एकट्या त्यांनाच माहीत होते. अन्वींना धरणातले काही कळत नव्हते. विभागाला दोन्ही आकडे एकाच दरवाजाचे हे मान्यच होते, कोणी हरकत घेतली नसती. गुरुवारी हा आवाज भर सुनावणीत वाजला असता आणि दिवाळीच्या आत दगडावर बारावे नाव आले असते. त्यासाठी करायचे एवढेच होते, की गप्प बसायचे.

"काय झालं, ताई? पाणी देऊ?"

"नको. हे यंत्र पुढे कुठे कुठे वापरतील?"

"सगळीकडेच. लातूरला खुनाचा एक खटला सहीसाठीच अडून राहिलाय. आरोपीच्या फोनमधलं बोलणं अर्धं पुसलेलं आहे."

"वय काय आरोपीचं?"

"बावीस-तेवीस असेल. का?"

हेमलताबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. पेनाचे टोक कागदापासून बोटभर अंतरावर होते.

"सही करू नका," त्या म्हणाल्या. "हे आमच्या ह्यांचं बोलणं नाही. हे माझं आहे."

त्यांनी दरवाजांचा हिशेब सांगितला. अन्वी ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्ही अर्ज कशावर टाइप करत होतात?"

"ह्याच्यावरच. वर्षभर. मग तो बंद पडला."

"मी सकाळी विचारलं होतं तुम्हाला."

"तुम्ही दुसऱ्या कोणी म्हणालात. मी दुसरी कशी हो?"

अन्वींनी पेनाला टोपण लावले. आता त्यांनाही दिसू लागले होते. आज्ञावलीला डिस्कवर अर्जांचे शब्द सापडले, जुन्या नोंदींतून आवाज सापडला. दोन्ही खरोखर तिथेच होते, म्हणून तिने ते हिरवे दाखवले. काठाचा धागा कापडाचाच होता. फक्त तो काठ बाईंनी नंतर विणलेला होता.

"अर्ज काढून पुन्हा चालवून बघते," अन्वी म्हणाल्या. "नुसत्या तुमच्या शब्दावर मला नकार लिहिता येणार नाही. पण तुम्ही बाहेर बसा."

"इथेच बसते. अठरा वर्षं बाहेरच बसलेय."

वीस मिनिटे लागली. पावसाचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आला. रेघ खराब भागात शिरली, आणि हिरवीच राहिली.

"...चूक माझी झाली. दरवाजा वेळेत उचलायला हवा होता. मी हयगय केली. वरून कोणी अडवलं नव्हतं..."

आवाज तोच होता, घोगरा, शेवटी खाली उतरणारा. 'हयगय' म्हणताना तो किंचित अडखळलासुद्धा.

अन्वींनी झटकन बंद केले. डिस्क चाळून काय ते शोधले. "चौकशी अहवाल. तुम्हाला ईमेलने आला असेल, तुम्ही इथेच उतरवून ठेवला असेल. तुमचे शब्द काढल्यावर तिने त्यातले घेतले. ऐका माझं, ताई. यातलं एक अक्षर त्यांचं नाही. सगळं काढून टाकलं ना, तर तिथे नुसती खरखर आहे. चाळीस सेकंदं खरखर. ते काय बोलले ते कोणालाही कधीच कळणार नाही."

"समजलं मला," हेमलताबाई म्हणाल्या.

अन्वींनी फॉर्मवर 'असुरक्षित' असे लिहून सही केली. लातूरच्या न्यायालयाला कळवायची टीप जोडली. दाराबाहेर जाऊन त्यांनी कंपनीच्या माणसांना सांगितले. तिथे थोडी बाचाबाची झाली, कोणी तरी वकिलाचे नाव घेतले, मग पावले जिन्याकडे गेली. त्या परत आल्या तेव्हा हेमलताबाई पिशवी आवरत होत्या.

"तुम्ही आज फार मोठं काम केलंत," अन्वी म्हणाल्या. "आणि गुरुवारचं... मला वाईट वाटतं."

"गुरुवारी जाईन मी. सांगायला काही नाही, पण जाईन." पिशवीची गाठ मारून त्यांनी वर पाहिले. "एक विचारू, डॉक्टर? दोन्ही खोटे, हे तुम्ही स्वतःच सिद्ध केलंत. मग त्या दोन आवाजांतला तुमच्या मनात कुठला राहिला?"

अन्वींनी तोंड उघडले. मग त्या बंद पडद्याकडे पाहू लागल्या आणि पाहतच राहिल्या.

"राहू द्या," हेमलताबाई म्हणाल्या. "रागावले नाही मी. माझ्याही मनात तो दुसराच राहिलाय."