मंगळवारचा दाखला

कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या एका कंपनीत सलील यंत्रांची देखभाल करायचा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अकराव्या मजल्याच्या जिन्यात तो मेलेला सापडला. लिफ्ट बंद, गच्चीवरचं एसीचं यंत्र बिघडलेलं. सप्टेंबरात त्याला हृदयाचा झटका येऊन गेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आठव्या दिवशी कंपनीने त्याच्या बायकोच्या, देवयानीच्या फोनवर एका कागदाचा फोटो पाठवला. सलीलला तपासणाऱ्या डमडमच्या डॉक्टरांचा दाखला. ‘सर्व कामांस योग्य. ३० सप्टेंबर, मंगळवार.’

देवयानीला आठवत होतं वेगळंच. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा आठवडे बसून काम, जिने बंद. पण सासरचे म्हणाले, नोकरी टिकावी म्हणून सलीलनेच खोटा दाखला केला, आणि पिच्छा हिने पुरवला. घरात बसून किती दिवस काढणार, असं ती एकदा चिडून बोलली होती. तेवढं पुरलं. तिचं जेवण सुटलं.

तिची आई मंदाकिनीबाई बागबाजारात चाळीस वर्षं राहिलेली. शिक्षण चौथीपर्यंत. तिने फोटो पाहिला, सकाळी एकटीच डमडमला जाऊन आली, आणि लेकीला म्हणाली, “तोंड धू. तुझ्या नवऱ्याच्या कचेरीत जायचंय.”

खोलीत तिघं होते. कर्मचाऱ्यांचं खातं बघणाऱ्या अपर्णा बासू, कारकून मिहीर घोष आणि दिवाळीनंतर पुण्याहून बदलून आलेले प्रमुख, जयंत देवधर.

“दाखला घेतला कुणी?” मंदाकिनीबाईंनी विचारलं.

“मी, मासिमा,” मिहीर बंगालीत मावशी म्हणत बोलला. “सहा ऑक्टोबरला. दाखल्याशिवाय आजारी माणसाला कामावर घेत नाही.”

“वाचलास?”

“शिक्का बघितला. फाइलला लावला.”

“बरं आहे. जेवताना पण ताटच बघतोस का?”

मिहीरने कपाटातून फाइल आणून दाखला टेबलावर ठेवला.

“कपाटाची किल्ली?”

“आम्हा तिघांकडे आहे,” अपर्णा म्हणाल्या. “मीही वाचला नव्हता. तो मेल्यावर देवधरसाहेबांनी काढून दाखवला.”

जयंत मराठीत म्हणाले, “काकू, मला वाईट वाटतंय. पण मी आलो तेव्हा हाच कागद होता. हा वाचूनच मी त्याला वर पाठवला.”

“तीस तारखेला डॉक्टर दवाखान्यात होते?”

“असणारच. तारीख आहे की.”

मिहीरने कागद ओढून घेतला आणि पहिल्यांदाच नीट वाचला. “साहेब, त्या दिवशी दुर्गापूजेची अष्टमी होती.”

“मग? सुट्टी दसऱ्याची, ती गुरुवारी. मंगळवार कामाचा होता. मी कॅलेंडर बघूनच...”



“बघून काय केलंत?” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “सांगा. नाहीतर मी सांगते.”

जयंतनी दाखल्याकडे हात नेला; मंदाकिनीबाईंनी तो आधी उचलला.

“डॉक्टर मुलीकडे परदेशी गेलेत, पण कंपाउंडर भेटला. षष्ठीपासून कोजागरीच्या लक्ष्मीपूजेपर्यंत दवाखान्याला कुलूप होतं. इथे अष्टमीला डॉक्टरसुद्धा मंडपात असतो. ही तारीख या शहरातला माणूस घालणार नाही. अपर्णा घालणार नाही, मिहीर घालणार नाही. सलील तर इथेच जन्मला. त्याने खोटा कागद केला असता तर आठवडाभर मागची तारीख टाकली असती. उरलात तुम्ही. अष्टमीला तुम्ही पुण्यात कचेरीच्या खुर्चीवर बसला होतात. सलील मेला, तुम्ही फाइल उघडली, खरा दाखला काढलात. सही-शिक्का त्यावरून उतरवून घेऊन मजकूर नवा छापलात. तारीख तो कामावर येण्याआधीची हवी होती. रविवार टाळलात, दसरा टाळलात. खरा कागद कुठाय?”

“फाडला,” जयंत म्हणाले. “यंत्र बंद पडलं होतं. मुख्य कचेरीतून सारखे फोन येत होते. मला वाटलं, हळूहळू चढेल.”

अपर्णांनी पोलिसांना फोन लावला.

“काकू, इथल्या मराठी मंडळात आपली चार घरं,” जयंत म्हणाले. “बाहेर नाचक्की होईल. आपल्या माणसांत मिटवू.”

“आपला माणूस जिन्यात पडला होता. तेव्हा तुम्ही कागद छापत होतात.”

देवयानी जयंतसमोर जाऊन उभी राहिली.

“वर जा म्हणालात, तेव्हा तो काय म्हणाला?”

“नाही म्हणाला.”

“किती वेळा?”

“दोनदा. डॉक्टरांची चिठ्ठी बघा म्हणाला.”

देवयानी खुर्चीत बसली. “म्हणजे माझ्या बोलण्यामुळे नाही गेला तो,” ती म्हणाली. मग नवव्या दिवशी तिला रडू फुटलं, आणि मंदाकिनीबाईंनी तिला उगी राहा म्हटलं नाही.