तीच पाण्याची बरणी

डॉ. सुनेत्रा बोकारे नवऱ्याच्या पोटात काय आहे ते पाहत बसल्या होत्या. पोट पडद्यावर होतं आणि नवरा, भास्करराव, शेजारच्या खोलीत शर्टाची बटणं लावत होते. काही महिन्यांत त्यांच्या पँटी कंबरेला ढिल्या झाल्या होत्या, जेवण निम्म्यावर आलं होतं. "डाएट करून राहिलो," असं ते हसून सांगत, आणि ते ऐकून सुनेत्राबाईंची झोप उडत असे. एमआरआय वाचणाऱ्या डॉक्टरणीला शंका आली की ती नुसती शंका राहत नाही. तिला जागा, आकार आणि नावसुद्धा असतं.

पडद्यावर हिरवी ओळ उमटली. सर्वांगचित्रात बदल नाही.

नागपूरच्या या केंद्रात अशी ओळ आली की ते चित्र कुणी उघडूनही पाहत नसे. वेळ कुणाला होता? पण माणूस घरचा. त्यांनी हुश्श केलं, डोळे पुसले आणि चित्र वरून खाली पाहत गेल्या. यकृत, प्लीहा, दोन्ही मूत्रपिंडं.

दोन्ही?

भास्कररावांनी डावं मूत्रपिंड गेल्या दिवाळीनंतर धाकट्या भावाला, दिगंबरला दिलं होतं. सुनेत्राबाईंनी यंत्राची जुळणी करणाऱ्या काळमेघ नावाच्या अभियंत्याला बोलावून घेतलं.

"हे चित्र कुणाचं?"

"साहेबांचंच, मॅडम. आत्ताचं."

"साहेबांना एकच किडनी आहे."

काळमेघ हळूच खुर्चीवर बसला.

"पाच मिनिटांत पूर्ण अंग मोजून होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे," तो म्हणाला. "जुन्या यंत्राला तास लागे. हे यंत्र दहातला एक भाग मोजते. बाकीचं त्याच माणसाच्या मागच्या चित्रावरून भरते. स्मृतिपूरण. वर्षभरात माणूस बदलून बदलून किती बदलते, असा हिशेब होता."

"आणि मोजलेलं न् आठवलेलं जुळलं नाही तर?"

"तर पेशंट हलला, असं समजते. श्वास घेतला, खोकलला. मग आठवणीला कौल देते. नाहीतर प्रत्येक चित्र धूसर येईल."

"म्हणजे नवी गाठ आली तर?"

"पेशंट हलला."

"अहो, पण आपण रोज सकाळी यंत्र तपासतो ना?"

तपासत होते. पाण्याची एक सीलबंद बरणी आत ठेवायची, चित्र काढायचं, आधीच्याशी ताडून पाहायचं. रोज तीच बरणी. पाठ केलेल्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळतात, त्यात नवल काय? इतकी शिकलीसवरलेली माणसं, पण एखाद्या दिवशी बरणी बदलून बघावी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सुनेत्राबाईंच्याही नाही.

"स्मृती बंद करा," त्या म्हणाल्या. "पूर्ण मोजा. तास लागला तरी चालेल."

भास्करराव कुरकुरत पुन्हा आत झोपले. यंत्र ठोके देऊ लागलं. काचेच्या अलीकडे सुनेत्राबाई उभ्याच होत्या. खुर्ची होती, पण बसवत नव्हतं. नको ते सगळं त्यांनी मनात पाहून घेतलं. मग चित्र आलं. मूत्रपिंड एकच, उजवं. निरोगी. यकृत स्वच्छ, फुप्फुसं स्वच्छ, हाडं स्वच्छ. त्यांनी दोनदा पाहिलं, आणि मग त्यांना रडूच फुटलं.

"काहून रडून राहिली?" बाहेर आलेले भास्करराव घाबरले. "काही निघालं का?"

"काही नाही निघालं. मग तुम्ही वाळताय कशाने?"

ते ओशाळले. "ऑफिसातल्या एकाच्या दोन्ही किडन्या गेल्या. माझ्याजवळ तर एकच. म्हणून मीठ सोडलं, डाळ सोडली. तुला सांगायची लाज वाटली."

सुनेत्राबाई रडता रडता हसल्या. त्यांना हलकं वाटलं. भास्कररावांनाही वाटलं असावं, कारण ते सहज बोलून गेले, "माझी तर पाहिली. दिगूला दिली ती नीट पाहिली होती ना?"

पाहिली होती. ऑपरेशनच्या आधी, याच यंत्रावर. घरचं काम म्हणून सुनेत्राबाईंनी ते चित्र स्वतः दोनदा तपासलं होतं आणि निर्धास्तपणे होकार दिला होता. म्हणजे होकार त्यांनी यंत्राच्या आठवणीला दिला होता. खरं मूत्रपिंड कुणी पाहिलंच नव्हतं. आणि शरीराने ते नाकारू नये म्हणून दिगंबर रोज प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेत होता. त्या अंगात काही वाढू लागलं, तर त्याला अडवणारं कुणी नव्हतं.

सुनेत्राबाईंनी फोन लावला.

"भाऊजी, उद्या सकाळी केंद्रात या. सर्वांगचित्र काढायचं आहे."

"कशाला, वहिनी?" दिगंबर मजेत होता. "मागच्याच महिन्यात काढलं तुमच्याकडे. ऑपरेशनच्या आधी होतो तसाच आहो म्हणते मशीन."