शून्य नंबरचा वापरकर्ता

आमच्या प्रोग्रॅमला जगात एकेचाळीस लोक 'हो' म्हणाले होते. त्यातली एक आमची आई, म्हणजे चाळीसच धरा.

प्रोग्रॅम दादाने लिहिलेला. फुकट, आणि कोणीही उघडून आतलं वाचावं असा. काम एकच, गोळीची वेळ झाली की घंटा वाजवायची. खाली दोन बटणं: 'घेतली' आणि 'नंतर'. वापरणारा राजी असेल तरच दर रविवारी सकाळी दहाला आमच्याकडे आकडे यायचे, कुठलं बटण किती वेळा दाबलं त्याचे. नाव नाही, पत्ता नाही. ही परवानगीसुद्धा वर्षाने संपायची. मग पुन्हा विचारायचं, 'माहिती पाठवू का?' हो किंवा नाही. उत्तर आलं नाही तर आकडे कायमचे बंद.

"तिथे 'नंतर' ठेवायचं नाही," दादा बजावायचा. "लोक टाळतात."

हा माणूस स्वतःच्या हृदयाच्या गोळीला रोज 'नंतर' दाबायचा. जेवायला चल? नंतर. डॉक्टरकडे? नंतर. आठ महिन्यांपूर्वी, मंगळवारी दुपारी, खुर्चीतच गेला. घंटा वाजत होती. आईला वाटलं, दाबेल.

त्याचा लॅपटॉप मीच पुसून कोरा केला, डिस्क काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. प्रोग्रॅम आता मी सांभाळतो, म्हणजे बिघडवतो.

दादाच्या मशीनचा नंबर शून्य. चाचणीचं मशीन, म्हणून ते बेरजेतून गाळायचं, असं त्यानेच लिहून ठेवलेलं. गेल्या महिन्यात मी ती ओळ चुकून उडवली आणि एकेचाळीसांचे बेचाळीस झाले.

शून्य नंबर. घेतली: सात. नंतर: शून्य.

मागचे आठवडे काढले. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून एकही गोळी चुकलेली नव्हती.

मी शहाणा माणूस. कोणीतरी नंबर उचलला असेल म्हणून सर्व्हर बदलला. ड्रॉवर उघडून डिस्क पाहिली. तिच्यावर धूळ होती, तीही बोट न लागलेली.

"तोंड का उतरलंय रे?" आईने विचारलं.

"काही नाही. एक जण वेळेवर गोळ्या घेतोय."

"मग चांगलंय की. त्याच्या आईला बरं वाटत असेल."

शून्य नंबरची परवानगी या रविवारी संपणार होती. तेवढ्यापुरती ती वाढवायला एक ओळ पुरली असती. मी ती लिहिली. पुसली. परत लिहिली. दादा असता तर पाठीत धपाटा घातला असता. पुसली.

रविवारी आई शेजारी येऊन बसली. दहाला तिची घंटा वाजली. तिने गोळी गिळली, 'घेतली' दाबलं.

एकेक करून एकेचाळीस आले.

मग बराच वेळ काही नाही.

मग शून्य.

घेतली: सात.

माहिती पाठवू का: नंतर.

आईने चष्मा सावरून वाचलं. शून्य नंबर कोणाचा, हे मी तिला सांगितलं नव्हतं.

"सवय काही जात नाही बघ त्याची," ती म्हणाली आणि पाणी प्यायली.

परवानगीची ती खिडकी मी उघडून पाहिली. हो आणि नाही. दोनच बटणं होती.